भरली टोपली आणि जुनी भूक

प्रथमउपजाची टोपली आणणाऱ्याने ‘माझा पूर्वज भटका अरामी होता’ असे देवासमोर बोलून दाखवावे, अशी अनुवाद 26 मध्ये आज्ञा आहे. भरल्या टोपलीबरोबर जुनी गरिबीही वेदीपाशी आणायची.

पंडिता रमाबाईंनी तेच केले. 1858 मध्ये जन्मलेल्या, आईजवळ संस्कृत शिकलेल्या या विदुषीने लिहिले की, दुष्काळात आमच्या कुटुंबाने रानचा पाला खाऊन दिवस काढले. ती भूक त्या विसरल्या नाहीत. 1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुलींना त्यांनी उराशी धरले.

आम्ही मात्र शब्बाथ शाळेत इस्त्रीचा सदरा घालून उभे राहतो आणि अनवाणी बालपण झाकून ठेवतो. एकदा धीर करून आम्ही वर्गात सांगितले की, लहानपणी आम्ही शेजारी शिळी भाकर मागून खाल्ली आहे. वर्ग सुटल्यावर एक मुलगा मागे राहिला. हळूच म्हणाला, “सर, आज आमच्याकडे चूल पेटली नाही.” तो चार महिने आमच्यासमोर बसत होता, आम्हांला ठाऊक नव्हते.

शिक्षकहो, येत्या रविवारी आपल्या बालपणातील एक खरी गोष्ट सांगा. आणि वर्ग सुटल्यावर थोडे थांबा.