उरीया आपला नव्हता

गेल्या महिन्यात आमच्या धर्मग्रामाच्या सभेत चर्चच्या जमिनीचा वाद निघाला. ‘संदेष्ट्यांसारखं निर्भयपणे बोललं पाहिजे,’ असं एक जण तावातावाने म्हणाला आणि टाळ्या पडल्या. मग मागच्या बाकावरच्या एका बाईंनी विचारलं, सभागृहाच्या बांधकामावरच्या मजुरांची दोन महिन्यांची मजुरी थकली आहे, त्याचं काय? ‘तो ठेकेदाराचा प्रश्न,’ असं उत्तर मिळालं आणि सभा चहाला उठली.

जमिनीसाठी भांडू नये, असं मी म्हणत नाही. जरूर भांडावं. पण त्या भांडणाला संदेष्ट्यांचं नाव देताना जीभ अडखळायला हवी. संदेष्टा नाथान राजा दावीदासमोर उभा राहिला तो ज्याच्यासाठी, तो उरीया हित्ती होता, म्हणजे परक्या कुळातला, आणि तोवर मेलेलाही. बाप्तिस्मा करणारा योहान, सम्राट थिओडोसियसला प्रायश्चित्त घ्यायला लावणारा अँब्रोज, १५११ साली हिस्पॅनिओला बेटावर आपल्याच स्पॅनिश भाविकांना मूळ रहिवाशांच्या छळाचा जाब विचारणारा माँतेसिनोस, ही परंपरा वाचकांना ठाऊक आहेच.

घोळ होतो तो जर्मनीपाशी. ख्रिस्ती धैर्याचा विषय निघाला की १९३४चा बार्मेनचा जाहीरनामा पुढे केला जातो, जणू हिटलरच्या सगळ्या अत्याचारांविरुद्ध चर्च तिथेच उभं राहिलं. मुख्यतः धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थने लिहिलेली ती सहा कलमं वाचून पाहावीत. चर्च ख्रिस्ताचं ऐकेल, त्याच्या संदेशावर राज्यसत्तेची हुकमत चालणार नाही, असं ती ठणकावून सांगतात. त्या दिवसांत एवढं म्हणायलाही छाती लागत होती. पण ज्यूंविषयी त्यात एक शब्दही नाही. आदल्याच वर्षी ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढण्याचा कायदा झाला होता. बार्मेनला चर्चने राखलं ते स्वतःचं अंगण.

हा दोष मी आज मागे वळून चिकटवत नाही. खुद्द बार्थने १९६७ साली बोनहॉफरचा चरित्रकार बेथगे याला लिहिलेल्या पत्रात कबूल केलं की ज्यूंचा प्रश्न आपण निदान जाहीरपणे तरी निर्णायक मानला नाही, आणि ही आपली चूक होती. जर्मन पाळक बोनहॉफरने मात्र १९३३च्या एप्रिलमध्येच लिहून ठेवलं होतं की राज्यसत्तेच्या चाकाखाली सापडणाऱ्यांच्या जखमा बांधणं चर्चचं काम आहे, मग ते बाप्तिस्मा झालेले असोत वा नसोत, आणि वेळ पडली तर चाकच अडवावं. त्याच्या बायबलमध्ये स्तोत्र ७४ जिथे देवाची सभास्थानं जाळल्याचं सांगतं, तिथे समासात एक तारीख टिपलेली आहे: ९.११.३८. त्या रात्री सिनेगॉग पेटले होते. बहुतेक व्यासपीठं गप्प राहिली. आठवड्याभरात, प्रायश्चित्ताच्या दिवशी, ओबरलेनिंगेन या खेड्यातल्या युलियस फॉन यान या पाळकाने यिर्मयाच्या आधाराने प्रवचनात त्या जाळपोळीचा सरळ धिक्कार केला. काही दिवसांनी जमावाने त्याला बेदम मारलं आणि त्याची रवानगी तुरुंगात झाली. बार्मेनचं नाव घेणाऱ्या किती जणांना फॉन यान माहीत असतो?

येत्या रविवारी आमची सभा पुन्हा आहे. विषयपत्रिकेवर जमीन पहिली आहे. मजुरांच्या थकलेल्या मजुरीचा विषय मी लेखी दिला आहे, आणि त्या बाईंनीही खाली सही केली आहे.