नाकाच्या शेंड्याची रेघ

सावंतवाडीहून आंबोलीला जाणारा रस्ता दाणोलीपर्यंत फारसा त्रास देत नाही. पुढे घाट लागतो, आणि जुलैत घाटाबरोबर पाऊसही. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. समुद्रावरून आलेले ढग सुमारे सातशे मीटर उंचीच्या या कड्याला अडतात, वर चढता चढता थंड होतात आणि तिथेच रिते होतात. अशा वेळी मोटारसायकलवर कुणी घाट चढत असेल, तर त्याला पाऊस आणि ढग एकदमच भेटतात.

तिथे एक मुलगा रोज पहाटे मागे पावाची टोपली बांधून जायचा. बेकरी त्याच्या मामाची. धबधब्याजवळच्या चहा-भजीच्या टपऱ्यांना पाव, खारी आणि कडक बटर पोचवायचे, पर्यटकांच्या गाड्या यायच्या आत. मामाने ही फेरी कित्येक पावसाळे केली होती. गुडघे बोलू लागले तेव्हा त्याने ती भाच्याच्या हाती दिली आणि देताना एवढंच सांगितलं, "झिला, तोंड भिजांदे. तोंड काय, सुकता. रस्तो दिसाक व्हयो."

मुलगा आळशी नव्हता, की मामाचं न ऐकणाराही नव्हता. पण रोज दोन तास तोंडावर पाण्याचा मारा खात जाण्यात त्याला काही शहाणपण दिसेना. टोपलीवर निळं प्लास्टिक घालून पाव कोरडा ठेवायचा, मग नेणाऱ्यानेच का भिजावं? त्याचा प्रश्न रास्त होता. पहिल्या महिन्याच्या पगारातून त्याने बेळगावहून मोटारसायकलची काच आणली. ती असते प्लास्टिकची, पण सगळे तिला काचच म्हणतात. दुकानात होती त्यांतली सर्वांत उंच त्याने निवडली. सीटवर बसलं की तिची वरची कड हेल्मेटच्या कपाळाला येई.

जूनभर तो सुखात होता. छाती कोरडी, गळा कोरडा, रेनकोटच्या बाह्यांतून आत जाणारं पाणी बंद. मग जुलैचा खरा पाऊस लागला.

मोटारीच्या काचेला वायपर असतो, मोटारसायकलच्या काचेला नसतो. मोकळ्या महामार्गावर वेगाचा वाराच थेंबांना वर ढकलून काच पुसतो. घाटाच्या वळणांवर वेग वीस-पंचवीसचा. तेवढ्या वाऱ्याने थेंब हलत नाहीत, काचेला चिकटून राहतात. एकेक थेंब म्हणजे एकेक भिंग, आणि प्रत्येक भिंगात रस्त्याचं निराळं, उलटं चित्र. समोरून गाडी आली की तिचे दोन दिवे दोन राहत नाहीत, अख्खी काच पेटते. शिवाय थेंबांनी भरलेली ही काच एकटी नव्हतीच. तिच्यामागे हेल्मेटचा व्हायझर होता. म्हणजे डोळा आणि रस्ता यांच्यामध्ये चार पृष्ठभाग : दोन बाहेरून ओले, दोन आतून श्वासाच्या आणि अंगाच्या वाफेने धुरकटलेले.

मुलाने उपाय सुरू केले. तो मनापासून झटला, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं, कारण अशा गोष्टींत चुकणारा माणूस निष्काळजी दाखवण्याची रीत आहे. हा उलट फार काळजी घेणारा होता. त्याने भांडी घासायच्या साबणाचं पाणी लावलं. साबणाने पाणी थेंबांत न फुटता पातळ पसरतं, त्यामुळे दाणोलीपर्यंत छान दिसलं. तिथून पुढे साबण वाहून गेला. एसटी स्टँडवर एका ड्रायव्हरने सांगितलं, तंबाखू चोळ. तंबाखू चोळली. कुणी म्हणालं बटाट्याची फोड, तीही फिरवून झाली. मोटारींच्या काचेचं पॉलिश आणलं. व्हायझर आतून पुसायला खिशात फडकं ठेवलं. प्रत्येक उपायाने थोडा फरक पडे, आणि म्हणूनच तो पुढचा उपाय शोधत राही. एकानेही फरक पडला नसता तर कदाचित लवकर थांबला असता.

एकदा घाईत त्याने चिखलाचे शिंतोडे ओल्या बाहीनेच पुसले. चिखलातल्या बारीक वाळूने काचेवर ओरखडे उठले. दुसऱ्या दिवशी एका मित्राने पेट्रोलचा बोळा दिला. पेट्रोल या प्लास्टिकला सोसत नाही, डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा भाग कायमचा धुरकट झाला. मुलगा थोडा हळहळला आणि मग त्या डागाला सरावला. घाट त्याला पाठ होता. वळण आलं हे त्याला इंजिनच्या आवाजावरून कळे, कठड्याचा पांढरा रंग सरकला की हात आपोआप वळे. डावीकडे दिसणारा करडा गोळा म्हणजे डाग, हे डोळ्यांनी मनाला सांगायचंही सोडून दिलं होतं.

एका शनिवारी त्या करड्या गोळ्याच्या मागे दगड होता. रात्री दरडीतून सुटून डोंगराच्या अंगाला रस्त्यावर आलेला, गुडघाभर उंचीचा. तो मुलाला दिसला होता. त्याने तो डागात जमा केला. ताशी पंचवीस म्हणजे सेकंदाला सात मीटर. आपण पाहतोय तो डाग नाही, हे समजायला त्याला एक सेकंदही उरला नव्हता.

मुलगा वाचला. कोपर सोलवटलं, हँडल वाकलं, पाव डोंगराकडच्या गटारातून वाहत गेला. वरून उतरणारी एसटी थांबली, ड्रायव्हर-कंडक्टरने मोटारसायकल उभी केली आणि त्याला दाणोलीत सोडलं.

संध्याकाळी सावंतवाडीत गॅरेजसमोर मामा आला. रागावला नाही. पाऊस चालूच होता. मिस्त्रीने हँडल सरळ केल्यावर मामाने मोटारसायकल मोठ्या स्टँडवर रस्त्याकडे तोंड करून पावसात उभी करवली आणि भाच्याला वर बसवलं.

"काय दिसता?"

मुलाने काचेतून पाहिलं. "पाणी."

"फुडे?"

"दिवे. कसले ते कळणा नाय."

"आता पायांर उभो रव."

मुलगा फूटरेस्टवर उभा राहिला. डोळे काचेच्या कडेच्या वर आले. रस्ता होता. त्याच्या टोकाला मोती तलावाचा काठ होता, काठावरून छत्री घेऊन एक बाई चालली होती, तिच्या हातातल्या पिशवीचा रंग लाल होता. तो किती तरी वेळ तसाच उभा राहिला. पाऊस तोच होता आणि त्याने काही पुसलंही नव्हतं.

"बस," मामा म्हणाला.

मुलगा बसला. पुन्हा पाणी.

मिस्त्रीने पेन्सिल काढली. मुलाला रोजच्यासारखं बसायला सांगितलं, पाठ ताठ न करता. मग त्याच्या नाकाच्या शेंड्याच्या रेषेत काचेवर खूण केली. जुने चालवणारे काचेची उंची अशीच ठरवतात. कड नाकाच्या शेंड्यापाशी आली की छातीवरचा मारा काच घेते, तिच्यावरून उसळलेला वारा बराचसा पाऊस डोक्यावरून नेतो आणि नजर मात्र काचेच्या वरून मोकळी जाते. "काच छातीक असता," मिस्त्री म्हणाला, "डोळ्यांक नाय."

"पण मामा, तोंड भिजतला."

"भिजतला."

खुणेवर चिकटपट्टी लावून मिस्त्रीने हॅक्सॉ ब्लेड चालवलं आणि कड कानशीने घासून गुळगुळीत केली. कापलेला तुकडा मुलाने हातात घेतला. महिनाभर ज्यावर साबण, तंबाखू, बटाटा आणि पॉलिश चोळलं तो हाच भाग होता.

सोमवारी तो पुन्हा निघाला. व्हायझर दोन बोटं उघडा ठेवला, म्हणजे वाफ धरत नाही. थेंब गालांना टोचत होते. ढगात शिरल्यावर त्याने दिवा खाली केला, कारण वरचा झोत धुक्यावर आपटून डोळ्यांतच परततो. आणि आता नीट दिसत होतं म्हणूनच त्याला आणखी एक गोष्ट दिसली : काही वळणांवर रस्ता दहा-बारा मीटरच्या पलीकडे नव्हताच. पाठ असलेल्या घाटात ही अडचण कधी आली नव्हती. तिथे तो माणूस चालेल एवढ्या वेगाने गेला. एका ठिकाणी थांबला, उतरला, रस्त्यावरचे लहान दगड पायाने बाजूला केले.

टपरीवर पोचायला पाऊण तास उशीर झाला. टपरीवाल्याने भजीचा घाणा सोडून बोलून घेतलं. गिऱ्हाईकं पाव नाही म्हणून पुढे गेली, उद्या असं चालणार नाही, साडेसहाला माल हवा.

मुलाने तोंड पुसलं आणि मामाला फोन लावला. साडेसहाला माल हवा असेल तर घाटात पाऊण तास जास्त धरायला लागेल, तो काही कमी होणार नाही, असं त्याने सांगितलं. मामाने टपरीवाल्याशी बोलून घेतलं नाही, भाच्याला लवकर चालव असंही म्हटलं नाही. त्या रात्रीपासून बेकरीची भट्टी पाऊण तास आधी पेटू लागली.