घट नाही, हे कशावरून?

अकरा वर्षांपूर्वी मिरजेतल्या एका लॅबमध्ये मी दुरुस्तीच्या रिपोर्टवर लिहिलं, ‘नेटवर्क कार्ड बंद.’ तीन शब्द आणि खाली सही. रक्तातले हार्मोन तपासणारं यंत्र एका टेबलावर, त्याला हुकूम देणारा कॉम्प्युटर शेजारच्या टेबलावर, मध्ये एक लॅन केबल. पडद्यावर सारखं येत होतं : यंत्र सापडत नाही. केबल बदलली, दोन्ही बाजूंचे लिंकचे दिवे लागले. पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारली. उत्तर नाही. दहा वेळा केलं, दहाही वेळा नाही. मग सही केली.

मुंबईहून कार्ड यायला चार दिवस लागले. तोवर थायरॉइडचे नमुने सांगलीला जात होते. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथं मिशनचं इस्पितळ उभं केलं, तेव्हापासून अथणी-बेळगावकडचा माणूस दुखणं घेऊन मिरजेलाच येतो. असाच एक म्हातारा बायकोच्या रिपोर्टसाठी त्या चारही दिवशी बाकावर बसलेला मी पाहिला. पाचव्या दिवशी कार्ड बसवलं. नवं कार्डही गप्प.

दोष यंत्रात नव्हताच. विंडोज अपडेट झाल्यावर कॉम्प्युटरची सेटिंग बदलली होती. त्याला आपोआप पत्ता हवा होता, पण तिथं पत्ता वाटणारं कुणीच नव्हतं. म्हणून त्यानं स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा एक पत्ता घेतला होता. यंत्र १९२.१६८ च्या गल्लीत. माझी हाक त्या गल्लीपर्यंत पोचतच नव्हती. मी भलत्या पेठेत उभा राहून ओरडत होतो आणि उत्तर येत नाही म्हणून घरातलं माणूस गेल्याचा दाखला देऊन मोकळा झालो होतो.

ब्राह्मणपुरीतल्या माझ्या संस्कृतच्या गुरुजींना हे सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “अरे, याच्यावर आपल्याकडं शेकडो वर्षं वाद झालाय.” जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कशानं कळतं? मीमांसक कुमारिल भट्ट म्हणतात, न दिसणं हेच एक स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन आहे, त्याचं नाव अनुपलब्धी. अद्वैतवाद्यांनी ते मानलं. दुसरे मीमांसक प्रभाकर, त्यांनी नाकारलं. नैयायिक म्हणाले, वेगळं प्रमाण कशाला, अभावही प्रत्यक्षानंच कळतो. पण एका अटीवर सहसा दुमत नाही, ती म्हणजे योग्यता. घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून घट नाही असं ठरत नाही. त्यावरून फक्त अंधार ठरतो.

मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण कार्डाचं नव्हतं.

आई त्याच साली गेली. ती अतिदक्षता विभागात असताना घरच्या विठोबाला मी हाका मारल्या आणि अडल्यावर मिरजकर जातो तसा मीरासाहेबांच्या दर्ग्यातही गेलो. नवव्या दिवशी ती गेली. मी मनात तेच तीन शब्द लिहिले, फक्त कार्डाच्या जागी दुसरं नाव होतं. देवघरातला दिवा बायको लावायची. मी तिकडं बघायचो नाही. गुरुजींचं ऐकल्यावर पहिल्यांदाच स्वतःला विचारलं : माझ्या बाजूचा पत्ता मी तपासला होता का?

सतारमेकर गल्लीत माझे एक स्नेही तंबोरे करतात. एका संध्याकाळी ते जवारी लावत होते. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, छेडायचं, पुन्हा सरकवायचा. मला म्हणाले, “गंधार ऐकू येतोय का?” मला नाही आला. चारातली एकही तार गंधारात लावलेली नव्हती, मग यायचा कुठून? ते म्हणाले, “खर्जातून येतो. दोरा जागेवर हवा आणि कानही.” मी रोज कामावरून येताना तिथं बसू लागलो. कितव्या दिवशी ते आठवत नाही, पण खर्ज विरत असताना वर काहीतरी उजळलं आणि तिथंच राहिलं. आदल्या दिवसापर्यंत मी शपथेवर सांगितलं असतं की तो स्वर तिथं नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला खरा वाटतो. ‘तुझाच कान तयार नाही’ असं म्हणत राहिलं, तर कुठलीही शांतता कधीच पुरावा ठरणार नाही आणि देवाच्या नावावर काहीही खपेल. म्हणून आधी सांगता आलं पाहिजे : अमुक केल्यावरही उत्तर आलं नाही, तर मी ‘नाही’ म्हणेन. यंत्राच्या बाबतीत मला ते सांगता येतं. देवाच्या बाबतीत तसा दिवा माझ्या हातात नाही. त्यामुळं तो नाही असं मी म्हणू शकत नाही. आहे असंही म्हणू शकत नाही.

गेल्या वर्षी उलटं घडलं, आणि त्यानं मला जास्त हलवलं. दुसऱ्या लॅबमध्ये तसंच यंत्र, तीच तक्रार, पण पिंगला उत्तर झटक्यात येत होतं. ऑपरेटर म्हणाला, “सर, यंत्र बोलतंय की!” मी यंत्राची केबल उपसली. उत्तर तरीही येतच राहिलं. मग आर्पची यादी काढली, म्हणजे कुठल्या पत्त्यामागं कुठलं उपकरण आहे ते पाहिलं. उत्तर देणाऱ्याचा मॅक अ‍ॅड्रेस यंत्राच्या पाठीवरच्या स्टिकरशी जुळेना. आठवड्यापूर्वी आणलेल्या लेबल प्रिंटरला कुणीतरी यंत्राचाच पत्ता देऊन ठेवला होता. यंत्राच्या नावानं ओ देत होता प्रिंटर.

तेव्हापासून मला देवाच्या शांततेपेक्षा त्याच्या नावानं आलेल्या उत्तरांची भीती जास्त वाटते. कौल मिळाला, दृष्टांत झाला, आतला आवाज बोलला असं सांगणारी भली माणसं माझ्या घरात आहेत. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खरं असतं, यात मला शंका नाही. पण तो आवाज तुमच्या भीतीचा किंवा इच्छेचा नव्हता कशावरून? केबल उपसून बघितलीत का? जो कौल नेहमी आपल्याला हवं तेच सांगतो, तो मी तरी प्रिंटरचा धरतो.

मी गुरुवारी दर्ग्यात जातो. गवई अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ पासून तिथंच विसावले आहेत. उरुसाला त्यांच्या स्मरणात गाणं होतं, तेव्हा मागं तंबोऱ्याजवळची जागा धरून बसतो. मागत काही नाही.

आमच्या रिपोर्टवर दोनच चौकोन छापलेले असतात, ‘चालू’ आणि ‘बंद’. त्यांच्याशेजारी मी हल्ली पेनानं तिसरा काढतो आणि लिहितो, ‘तपासणी अपुरी.’ डॉक्टर कुरकुरतात, पण सही करतात.