अर्धा वाटा कधीपासून?

महाराष्ट्रातल्या बांद्यात नांदणारी सून आणि सीमेपलीकडे गोव्यातल्या पेडण्यात नांदणारी सून यांच्या घरची बोली, देव, जेवण यांत फारसा फरक नसतो. पण बांद्याच्या नवऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलेलं घर त्याचं एकट्याचं राहतं. पेडण्यात मात्र लग्नाआधी वेगळा करार झाला नसेल, तर त्यातलं निम्मं बायकोचं असतं. तिला माहेरून मिळालेल्या जमिनीतही बहुतेक वेळा नवऱ्याचा निम्मा वाटा लागतो. हिशेब दोन्ही बाजूंनी आहे.

निम्म्या वाट्याचा हा नियम पोर्तुगालच्या 1867 च्या नागरी संहितेची देणगी. ती 1870 मध्ये गोव्यात लागू झाली आणि 1961 च्या मुक्तीनंतरही टिकली. ज्यांना मालमत्ता वेगळी ठेवायची असेल, त्यांनी लग्नापूर्वी नोटरीसमोर तसा करार करावा. लग्नानंतर तो बदलता येत नाही. पण लग्नाच्या धांदलीत नोटरीकडे कितीजण जातात? म्हणून मला वाटतं, जोडपं काहीच बोललं नाही तर कायदा काय धरून चालतो, हाच खरा प्रश्न आहे. गोव्याचा कायदा धरून चालतो की संसार दोघांनी उभा केला. आपल्याकडचा कायदा धरून चालतो की कागदावर ज्याचं नाव, तोच मालक.

घटस्फोटात हा फरक उघडा पडतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 27 नुसार न्यायालय लग्नात मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंबाबत निर्णय देऊ शकतं. बाकी उरते पोटगी. पोटगी मागावी लागते, गरज सिद्ध करावी लागते. वीस वर्षं घर चालवलेल्या बाईने स्वतःच्याच संसारात याचक व्हावं, हे मला अन्यायाचं वाटतं. गृहकर्जात तर ती अनेकदा सहकर्जदार म्हणून सही करते, आणि खरेदीखतात तिचं नाव नसलं तरी बँक हप्ता तिच्याकडेही मागू शकते. कर्जात भागीदार, घरात नाही!

गोव्यात घरासाठी काढलेलं कर्ज दोघांचं. एकाने दुसऱ्याच्या संमतीविना स्वतःपुरतं काढलेलं कर्ज त्याच्याच वाट्यावर पडतं. घर-जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. तरी हा कायदा निर्दोष नाही. सामाईक मालमत्तेचा कारभार संहितेने नवऱ्याच्या हाती दिला, आणि ज्या अर्ध्याचा कारभार आपल्याकडे नाही, तो बाईला अनेकदा कागदावरच दिसतो. खुद्द पोर्तुगालने 1967 पासून, करार नसेल तर फक्त लग्नानंतरची कमाई सामाईक धरायला सुरुवात केली. वारशाची जमीन ज्याची त्याच्याकडे ठेवणारी ही वाट महाराष्ट्राला अधिक पचेल, असं मला वाटतं.

आपल्याकडे बायकोच्या वाट्याचा विचार परका नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेतून शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितलं, आणि अनेकांनी ती केली. पण ते नवऱ्याच्या मनावर होतं. 2013 मध्ये राज्यसभेने मंजूर केलेल्या विधेयकात घटस्फोटाच्या वेळी नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतून बायकोला वाटा देण्याची तरतूद होती. लोकसभेत ते मंजूर झालं नाही, व्यपगत झालं. मंजूर झालं असतं तरी ते मोडलेल्या संसारापुरतंच होतं. ज्या बाईचा संसार टिकला, तिच्या संमतीविना नवऱ्याने घर गहाण टाकलं, तर तिला त्यात काहीच म्हणता आलं नसतं.