बुंदीची वाटी

आमच्या बेळगावच्या जुन्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाल कायम असायची. सूर्यास्ताआधी जेवणं उरकली की आई दिवा बारीक करायची, किडे ज्योतीवर येऊन मरू नयेत म्हणून. तरी काही यायचेच आणि पाल ते टिपायची. आई तिला हाकलत नव्हती आणि खायलाही घालत नव्हती. "तिचं तिनं बघावं. आपण मध्ये पडू नये," एवढंच म्हणायची.

ते सोपं होतं. किती सोपं होतं, ते मला गेल्या वर्षी लेकीकडं न्यू जर्सीला गेल्यावर कळलं.

दहा वर्षांच्या नातीनं पाल पाळलीय. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, म्हणून तिकडं तिला लेपर्ड गेको म्हणतात. नातीनं नाव ठेवलंय बुंदी. मूळची ही जात अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्य भागातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. आपल्या पालीसारखी ती भिंतीवर चढत नाही, आणि तिला पापण्या असतात. डोळे मिटून झोपलेली बघितली की माया वाटते. पण ती फळ खात नाही की भात खात नाही. तिला किडेच लागतात, तेही बहुधा हलणारे, जिवंत.

लेक-जावई नातीला घेऊन पाच दिवस बाहेरगावी निघाले. नातीनं मला सगळं दाखवलं. पाण्याची वाटी रोज धुवायची. उथळ हवी, जड हवी, म्हणजे उलटत नाही. दुसरी वाटी अळ्यांची. एक दिवसाआड सात-आठ अळ्या घालायच्या. अळ्या कोंड्याच्या डब्यात होत्या. त्यांनाही गाजराचा तुकडा द्यायचा, त्यातूनच त्यांना पाणी मिळतं. मी जन्मात गाजर तोंडात घातलेलं नाही. पण अळ्यांसाठी चिरून ठेवलं.

पाण्याचं काम मी आनंदानं केलं. आमच्याकडं दुहेरी फडक्यातून पाणी गाळायचं आणि फडक्यावर राहिलेले जीव परत त्याच विहिरीत सोडायचे, ही लहानपणापासूनची सवय. पहिल्याच सकाळी बुंदीच्या वाटीत एक रातकिडा गटांगळ्या खात होता. नातीनं जाताना पेटीत सोडलेला असणार. मी त्याला बोटानं काढला आणि पुन्हा कोणी बुडू नये म्हणून वाटीत एक खडा ठेवला. दुसऱ्या दिवशी तो रातकिडा दिसला नाही. बुंदीनं खाल्ला होता. मी हसावं की रडावं?

अळ्यांच्या दिवशी मी वाटी रिकामीच ठेवली. मनाची समजूत घातली की तिच्या जाड शेपटीत चरबी साठलेली असते, पाच दिवस उपाशी राहिली तर मरायची नाही. ते खरंही आहे. मोठी, धडधाकट पाल तेवढं सहज काढते. पण संध्याकाळी ती बिळातून बाहेर आली, वाटीत डोकावली, परत गेली. थोड्या वेळानं पुन्हा आली.

तेव्हा मला अणुव्रतांचे अतिचार आठवले. पाठशाळेत पाठ केले होते, पण अर्थ त्या रात्री लागला. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला बंध, म्हणजे जिवाला बांधून, कोंडून ठेवणं. शेवटचा अन्नपाननिरोध, म्हणजे त्याचं खाणं-पिणं अडवणं. आईच्या भिंतीवरच्या पालीला सगळी रात्र मोकळी होती. बुंदीला काचेच्या पेटीबाहेर काही नाही. आपण तिला कोंडलंय, तर 'तिचं तिनं बघावं' हे आता म्हणता येत नाही. आणि खायला घालावं, तर अळीचा जीव माझ्या हातानं जातो. तोही नकळत नव्हे, मोजून.

मैत्रिणींनो, मी तिसऱ्या दिवशी अळ्या घातल्या. आधी एका पसरट बशीत. बशीची कड उतरती, तीन अळ्या सरपटत बाहेर पडल्या. दोन सापडल्या. तिसरी दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात वाळून गेलेली दिसली. कोणाच्या पोटात गेली नाही, फुकट मेली. त्या एका अळीचं मला बाकीच्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. मग मी कपाटं धुंडाळली. स्टीलची वाटी खोल, बुंदीचं तोंड आत पोचेना. शेवटी चिनीमातीची एक बुटकी वाटी मिळाली, सरळ कडांची, आतून गुळगुळीत. अळीला चढता येत नाही, बुंदीला वाकता येतं. त्यात चारच अळ्या घातल्या. संपल्यावर आणखी दोन.

तुम्ही म्हणाल, ही कसली अहिंसा? गुळगुळीत वाटी म्हणजे अळीसाठी विहीरच की! खरं आहे. मी तिला अहिंसा म्हणतच नाही. पण एकदा अडकल्यावर कमी हिंसा कशी होईल ते बघणं आपल्या हातात राहतं, आणि ते पाहायचं सोडून 'मी हात लावणार नाही' म्हणत बसणं ही मला स्वतःचीच सोय वाटली. माझा हात स्वच्छ राहावा म्हणून मुक्या जिवानं दोनदा रिकाम्या वाटीत डोकवायचं?

पण दुसरी बाजूही मी झाकणार नाही. मांजर-कुत्र्यासारखे शिकारी प्राणी पाळू नयेत, असं आमच्या जुन्या बायका सांगायच्या. मला ते कठोर वाटायचं. आता कळतं, तो राग प्राण्यावर नव्हता. चांगली वाटी कोणती हा प्रश्न फार उशिराचा आहे. जीव घरात आणायचा की नाही, हा त्याआधीचा. ही पाल नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं जगते. तेवढी वर्षं कोणाला तरी रोज पाणी बदलायचंय आणि अळ्या मोजायच्यात.

नात परत आली. मी तिला काहीही न लपवता सांगितलं, रिकाम्या वाटीचंसुद्धा. तिनं विचारलं, "आजी, मग पाप कोणाला लागलं? तुला की मला?"

मी म्हटलं, "घालणारी मी, घालायला सांगणारी तू, आणि चालेल म्हणणारी तुझी आई. आपल्याकडं तिन्ही एकाच रांगेत धरतात."

"मग तिघींत वाटून घेऊ."

"ते वाटता येत नाही, बाळा. जिचं तिला पुरतं."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बुंदीनंतर दुसरी नको आणायला." आणि उठून पाण्याची वाटी धुवायला घेऊन गेली. खडा तिनं काढला नाही, धुऊन परत ठेवला.