कावळा किती दिवस राहिला?

ग्रंथपालाने पुस्तकातल्या मजकुराला हात लावायचा नसतो. एखादं पान पटलं नाही म्हणून मी ते कधी फाडलं नाही. रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेली पाच सूत्रं मीही शिकले होते. वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि पुस्तकाला त्याचा वाचक, एवढं आपलं काम. पण शनिवारी दुपारी त्याच खोलीत सतरंजी अंथरून मी मुलांना गोष्टी सांगत असे, आणि तिथे मात्र मजकूर बिनदिक्कत बदलत आले. हा दुटप्पीपणा मला पुष्कळ वर्षं खटकलाही नाही.

गोष्ट चिमणी-कावळ्याची. शेणाचं घर पावसात वाहून गेलेला कावळा मेणाच्या घराचं दार ठोठावतो आणि बाळाचं न्हाणं-माखणं उरकेपर्यंत चिमणी त्याला बाहेर ताटकळत ठेवते. माझ्या आजीच्या गोष्टीत शेवटी ती त्याला ऊब घ्यायला तापल्या तव्यावर बसवायची. आम्ही टाळ्या पिटायचो.

भिलाईत मी ती हिंदीतून सांगू लागले, तेव्हा चिमणी पहिल्याच हाकेला दार उघडू लागली. त्याला कारण समोर बसलेली मुलं. १९५५ च्या सोव्हिएत करारानंतर इथे पोलाद कारखाना उभा राहिला, देशभरातून माणसं आली. सेक्टरांमध्ये पक्की क्वार्टर्स झाली. मजुरांच्या वस्त्यांची नावं मात्र कॅम्प-१, कॅम्प-२ अशीच राहिली. सतरंजीवर दोन्हीकडची मुलं असत. ज्याच्या घरात पावसाचं पाणी शिरतं, त्याला तव्याची गोष्ट सांगायला जीभ रेटेना.

बेटलहाइम यांनी १९७६ च्या पुस्तकात म्हटलं आहे की परीकथांमधली भीती मुलांना आतून उपयोगीच पडते. ते मी वाचलं होतं. तरी मनाशी म्हणायची, तोंडी गोष्टीला मूळ प्रत कुठे असते? सांगेल तीच प्रत. हे खरंही आहे.

एका शनिवारी कॅम्पमधल्या एका मुलीने छत्तीसगढीत विचारलं, “त ओहा उहाँ कतका दिन रहिस?” मग तो तिथे किती दिवस राहिला?

मला उत्तर सुचेना. एक रात्र? पाऊस थांबेपर्यंत? आणि मग जाणार कुठे? आजीच्या गोष्टीत चिमणी दुष्टपणे वागत होती, ते निदान उघड दिसत होतं. माझ्या गोष्टीत ती भली झाली आणि कावळ्याच्या घराचा विषयच मिटला. तव्याची धास्ती खरं तर मुलांना नव्हती. ती मला होती. मीही क्वार्टरमध्येच राहत होते, आणि भली चिमणी मला हवी होती.

पुढे मी ती गोष्ट दारापर्यंत आणून सोडू लागले. उघडायचं की नाही, ते मुलांनी सांगायचं. क्वार्टरमधली बहुतेक मुलं लगेच उघडत. कॅम्पमधला एक मुलगा मात्र म्हणाला, कावळ्याने तिथे थांबूच नये. पाऊस उघडला की नवं घर बांधावं, शेणात माती आणि भुसा कालवून, उंचावर. आणि मेणाचं का नाही, असं मी विचारलं, तर हसला. मे महिन्यात वितळेल ना, मॅडम.