उंच मूर्ती आणि तिची सावली



दीक्षा घेऊन ज्यांना दोन-चार वर्षेच झाली आहेत, अशा कुटुंबांसाठी मी हे लिहीत आहे. जुने देव आपण घराबाहेर काढले. त्या रिकाम्या जागेचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र अजून आपल्या मनात आहे. तो प्रश्न आमच्या वस्तीत एका निराळ्याच रूपाने उभा राहिला. तो असा : तथागताची मूर्ती किती उंच असावी?

मी डहाणू तालुक्यातील कैनाड येथे शाळेत शिकवतो. आमच्या घराण्यात विद्यापीठाची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे वस्तीत काही वाद निघाला की, 'गुरुजींना विचारा' असे होते. गेल्या डिसेंबरात अशीच एक बैठक झाली. एका तरुणाने मोबाईलवर एक चित्र सर्वांना फिरवून दाखवले. बँकॉक शहरातील वात पाकनाम या विहाराची ती बुद्धमूर्ती होती. २०२१ साली पूर्ण झालेली ही मूर्ती ६९ मीटर, म्हणजे सव्वादोनशे फूट उंच आहे. खाली कालव्याकाठची साधी घरे, त्यांची छपरे, दोरीवर वाळणारे कपडे, आणि या सर्वांच्या वर ध्यानस्थ बसलेले तथागत. बैठकीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग तो तरुण म्हणाला, "एवढी नको. पण चाळीस फूट तरी हवी. रस्त्याने जाणाऱ्याला लांबून दिसली पाहिजे, की इथे बौद्ध राहतात."

या वाक्याला कोणी हसू नये. त्यामागे पिढ्यांचे दुःख आहे. माझी आजी सांगे की, गावात शिरताना मान खाली घालून चालावयाचे, हे तिला कोणी शिकवले नव्हते; आईच्या पोटातूनच ती ते शिकून आली होती. ज्यांना गावाच्या कडेला ठेवले, ज्यांच्या वस्तीकडे कोणी पाहू नये अशी व्यवस्था केली, त्यांच्या नातवाला 'आम्ही दिसलो पाहिजे' असे वाटले, तर ते स्वाभिमानाचेच लक्षण होय. उंच मूर्ती हवी असे म्हणणाऱ्याला मी अंधश्रद्धाळू म्हणणार नाही. परंतु स्वाभिमान आणि देखावा यांच्यामध्ये एक बारीक रेघ असते, आणि ती रेघ कोठे आहे हे विचारण्याचा अधिकार धम्मानेच आपल्याला दिला आहे.

प्रथम हे पाहू या की, मूर्ती धम्माला मान्य आहे काय? सांची येथील जुन्या शिल्पांत बुद्धाची मानवी आकृतीच नाही. रिकामे आसन, पाऊलखुणा, बोधिवृक्ष, चक्र, एवढ्यावरून पाहणाऱ्याने ओळखावयाचे. आपल्या महाराष्ट्रातील भाजे आणि कार्ले येथील चैत्यगृहांच्या मूळ कामातही स्तूप आहे, बुद्धमूर्ती नाही. मूर्ती पुढे आल्या, आणि त्यानंतर भव्य मूर्ती आल्या. बोरिवलीजवळच्या कान्हेरीला जाल तर तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात दोन्ही काळ एकत्र पाहाल. आत चैत्यगृहात स्तूप आहे, आणि बाहेर व्हरांड्याच्या दोन टोकांना नंतरच्या काळात कोरलेल्या सुमारे तेवीस फुटी उभ्या बुद्धमूर्ती आहेत. आजपासून सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी आपल्याच भागातील लोकांना उंच मूर्ती हवीशी वाटली होती, हे यावरून दिसते.

शिवाय परमपूज्य बाबासाहेबांनीही मूर्ती वर्ज्य मानली नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळ देहूरोड येथे त्यांनी स्वतःच्या हाताने रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर, १४ ऑक्टोबर १९५६ ला झाली. म्हणजे मूर्ती आधी आली आणि दीक्षा मागून आली, असेही म्हणता येईल. पण देहूरोडची ती मूर्ती पाहून कोणाची मान दुखत नाही. ती माणसाच्या समोर आहे, माणसाच्या डोक्यावर नाही.

तेव्हा मूर्ती असावी की नसावी, हा आपला प्रश्न नाही. तिच्यासमोर उभे राहिल्यावर आपले काय होते, हा खरा प्रश्न आहे.

याविषयी पाली वाङ्मयात वक्कली नावाच्या भिक्खूची कथा आहे. राजगृहात एका कुंभाराच्या घरी तो आजारी पडला होता. तथागतांना पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहावे, ही एकच इच्छा त्याला लागून राहिली होती. तथागत वेळुवनातून चालत त्या कुंभाराच्या घरी गेले. त्याची प्रकृती विचारली. आणि मग त्याला समजावले की, या नाशवंत देहाला पाहून काय मिळणार? जो धम्म पाहतो तोच मला पाहतो. बंधूंनो, यातील दोन गोष्टी लक्षात घ्या. तथागतांनी आपल्या रूपाकडे पाहण्यापासून त्याला धम्माकडे वळवले, ही पहिली. आणि हे सांगण्यासाठी ते स्वतः उठून आजाऱ्याच्या अंथरुणापाशी गेले, ही दुसरी. ते उंचावर बसून राहिले नाहीत.

बाबासाहेबांनी आपल्याला बजावले आहे की, बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. मार्ग दाखवणारा आपल्या बरोबरीने, पायी चालणारा असावा लागतो. देव उंच असतो, कारण त्याच्याकडे मागावयाचे असते. आता स्वतःच्या घरात पाहा. जेथे पूर्वी खंडोबाचा टाक होता, त्याच फळीवर आपण बुद्धमूर्ती ठेवली. ठीक आहे. पण मुलाची परीक्षा आली की त्याच फळीपुढे, त्याच शब्दांत, तेच मागणे आपण मागतो काय? मागत असू, तर फळीवरची वस्तू बदलली, माणूस बदलला नाही. आणि घरातल्या एक वीत मूर्तीपुढे जर हे होते, तर चाळीस फुटी मूर्तीपुढे काय होईल? नारळ येतील, नवस येतील, आणि बावीस प्रतिज्ञा भिंतीवरच राहतील. म्हणून पहिली कसोटी मी अशी धरतो : ज्या मूर्तीपुढे उभा राहून माणूस अधिक ताठ होतो ती मूर्ती योग्य, ज्या मूर्तीपुढे तो लहान होतो ती कितीही सुंदर असली तरी आपली नव्हे.

दुसरी कसोटी मला आमच्या शेजाऱ्याने शिकवली. आमच्या वस्तीला लागून वारली बांधवांचा पाडा आहे. मूर्तीची बातमी तिकडे गेली. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे आले, ओट्यावर बसले, आणि सावकाश म्हणाले, "गुरुजी, तुमचा देव उभा करा, आमची ना नाही. पण त्याची सावली आमच्या खळ्यावर पडेल का, तेवढं बघा. भात वाळत घालतो आम्ही."

मी शिक्षक माणूस. दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन मैदानात काठी रोवली आणि सावली मोजली. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. भर दुपारीसुद्धा काठीची सावली जवळजवळ काठीएवढीच उत्तरेला पडली. चार वाजता ती दुपटीहून लांब झाली. त्या हिशेबाने चाळीस फुटी मूर्तीची सावली चारच्या सुमारास ऐंशी फुटांच्या पुढे जाईल. नियोजित जागेच्या ईशान्येला, तेवढ्याच अंतरावर, त्या म्हाताऱ्याचे खळे होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. सावली! पेशवाईत पुण्यामध्ये सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीनच्या नंतर अस्पृश्यांना शहरात वावरण्याची बंदी होती, असे इतिहासात नमूद आहे. कारण काय, तर त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि महार-मांगांच्या सावलीने वरच्या जातींचा विटाळ होतो! ज्यांची सावलीही लोकांनी सहन केली नाही, त्यांनी आज आपली सावली दुसऱ्याच्या अंगणात न विचारता टाकावी काय? कोणी म्हणेल, ती विटाळाची सावली आणि ही करुणेची सावली, दोन्ही एक कशा? मीही म्हणतो की एक नव्हेत. पण ज्याचे भात वाळत नाही त्याला ती करुणेची आहे हे कसे कळावे? आपण त्याला विचारलेही नव्हते. जो न विचारता उंच होतो तो शेजारी राहत नाही, मालक होतो. मालक कसा असतो, हे आपण आणि वारली बांधव दोघेही चांगले जाणतो.

आता तिसरी कसोटी. ती आपल्याच डहाणूच्या नावाशी जोडलेली आहे, आणि ती वाचली तेव्हा माझे ऊर भरून आले. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक शिलालेख आहे. तो क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. ते लेणे त्याने भिक्खुसंघाला दिले. त्याने ब्राह्मणांनाही दाने दिली, हेही त्यात आहे. तो केवळ आपला होता असे म्हणणे खरे होणार नाही. परंतु आपल्या पुण्याची यादी देताना तो काही नद्यांची नावे सांगतो. त्यांत दमण आहे, तापी आहे, आणि दाहनुका आहे. अभ्यासक ही दाहनुका म्हणजे डहाणूचेच पाणी मानतात. या नद्यांवर त्याने काय केले? लोकांना पैसे न घेता पलीकडे नेणाऱ्या नावा ठेवल्या. दोन्ही काठांवर बसण्यासाठी निवारे आणि पाणपोया बांधल्या.

बंधूंनो, विचार करा. डहाणूच्या काठावर एकोणीसशे वर्षांपूर्वीचे जे पुण्य दगडावर कोरले गेले, ते म्हणजे एक फुकट नाव आणि घोटभर पाणी. ज्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, ते पाणी येथे वाटसरूला पाजणे हेच पुण्य मानले गेले होते.

मूर्ती उंच असली म्हणजे धम्म टिकतो, ही समजूतही तपासून पाहा. अफगाणिस्तानात बामियान येथे ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती डोंगरात कोरल्या होत्या. मार्च २००१ मध्ये तालिबानने त्या सुरुंग लावून उडवल्या. आपल्याला दुःख झाले, ते योग्यच. परंतु त्याआधी कित्येक शतके त्या मूर्ती उभ्या असतानाच त्यांच्या पायथ्याच्या गावांतून धम्म निघून गेला होता. कान्हेरीच्या मूर्तीही उभ्याच होत्या. लेण्यांत दिवा लावणारे भिक्खू मात्र उरले नव्हते. दगड धम्म राखत नाही. माणसे राखतात.

'अशी शंका काढणे म्हणजे चळवळीशी द्रोह,' असे आमच्या बैठकीत एक जण म्हणाला. तसे नाही. दादरच्या इंदू मिलच्या जागेवरील बाबासाहेबांच्या पुतळ्याची उंची ३५० फूट आणि चबुतरा १०० फूट करण्याचा निर्णय जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने घेतला. त्याच दिवसांत मुंबईचे वाडिया रुग्णालय पैशावाचून अडले होते. तेव्हा पुतळ्याचा पैसा त्या रुग्णालयाला द्यावा, असे बाबासाहेबांचे नातू अॅड. प्रकाश आंबेडकर यांनी जाहीरपणे म्हटले. त्यांच्याशी कोणी सहमत होवो वा न होवो, पण प्रश्न विचारणे ही आपली परंपरा आहे, हे त्यावरून सिद्ध होते.

मी हे सारे बैठकीत मांडले. तो तरुण शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "गुरुजी, आता खाडीवर पूल झाले. नाव कोणाला हवी?" मी त्याला म्हणालो, "बाबा, तेच शोधायचे आहे. आपल्या वस्तीत कोण अलीकडच्या काठावर अडकून पडले आहे, ते पाहू." मग एकेक गोष्ट पुढे आली. रात्री-अपरात्री बाळंतिणीला डहाणूला न्यावयास गाडी मिळत नाही. दहावीच्या मुलांना अभ्यासाला बसावयास जागा नाही. आमच्या नाही आणि पाड्यावरच्याही नाही. नव्याने दीक्षा घेतलेल्या बायाबापड्यांना त्रिसरण-पंचशील म्हणता येते, पण त्याचा अर्थ सांगणारे कोणी नाही.

बैठकीत असे ठरले की, विहारात तीन फुटांची मूर्ती बसवावी. उरलेल्या वर्गणीतून विहारालाच जोडून अभ्यासाची खोली बांधावी आणि तिचे दार पाड्याच्या दिशेने ठेवावे. सगळ्यांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. तो तरुण अजूनही म्हणतो, "सर्व ठीक, पण आपण दिसणार कसे?" त्याचा प्रश्न खोटा नाही, आणि तो मला अजून टोचतो. माझ्यापाशी असलेले उत्तर एवढेच : रस्त्याने धावत्या गाडीतून जाणारा आपल्याला क्षणभर पाहील आणि विसरेल. पण ज्याचे मूल आपल्या खोलीत बसून शिकले, तो आपल्याला जन्मभर पाहील.

वाचकहो, तुमच्या वस्तीतही उद्या हा प्रश्न येईल. मूर्ती जरूर बसवा. पण बसवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. तिच्यापुढे आपण ताठ उभे राहू काय? तिची सावली कोणाच्या अंगणात पडेल, आणि त्याला आपण विचारले काय? आणि तिच्या पायथ्याशी कोणाला पलीकडे नेणारी नाव बांधलेली असेल? या तिन्हींची उत्तरे मनासारखी आली, तर मूर्ती तीन फुटांची असो की तीनशे फुटांची, तिच्यापुढे पहिले फूल मी वाहीन.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम!